सिद्धेश्वरची फिरती गाठ

सिद्धेश्वरला तपासून घ्यायची होती फक्त बायकोची छाती, पण त्यासाठी त्याने अख्ख्या नेकनूरची छाती तपासायला लावली. दुसरा इलाजच नव्हता. दवाखान्याचं नाव काढलं की बसम्मा मिरची कांडपाच्या यंत्राचं बटण दाबायची, आणि त्या खडखडाटात आपल्याला नवऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही असं तिचं म्हणणं होतं.

पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसम्माचं कांडप. आसपासच्या गावांतल्या बाया वर्षाचा मसाला तिच्याकडेच करून न्यायच्या. दिवाळीपासून तिला खोकला होता. विचारलं की ती म्हणायची, "मिरचीत बसल्यावर मानूस खोकनार न्हाई तर काय गानार?" उत्तर बिनतोड होतं. पण मिरची ती कितीतरी वर्षं कांडत होती आणि खोकला मात्र यंदाचा होता. शिवाय तिच्या हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डाळीच्या पोत्यात हात घातला की खडे किती निघतील ते सांगणाऱ्या माणसाला हे दिसत नव्हतं असं नाही. त्याला भीती वाटत होती. पण गावात त्याची ख्याती कशालाच न भिणारा माणूस अशी असल्यामुळे ही गोष्ट तो कुणापाशी बोलू शकत नव्हता.

अशात बीडच्या मोंढ्यात धान्य भरताना त्याला एका फिरत्या दवाखान्याची बातमी लागली. गाडीतच एक्स-रे, आणि एक्स-रेला जोडलेला कॉम्प्युटर. फोटो निघाला की हातातला चहा संपायच्या आत छातीत काय आहे ते सांगून मोकळा. गाडी आपल्याच दारात आली तर बसम्मा जाईल कुठे, असा हिशेब करून सिद्धेश्वर कामाला लागला. सरपंच झाला, तालुक्याचं ऑफिस झालं, जिल्ह्याचं झालं. शेवटी हा माणूस रोज येऊन बसतो याला कंटाळून कुणीतरी सही केली, आणि बाजाराच्या दिवशी ती गाडी बरोबर त्याच्या दुकानासमोर उभी राहील असं ठरलं.

मग त्याने दुकानाच्या पायरीवरून प्रचार सुरू केला. सगळ्यांत आधी म्हाळूला पटवणं भाग होतं. म्हाळू मेंढरं राखायचा आणि चहापत्ती घ्यायला येऊन तासभर वाद घालायचा. जे म्हाळूला पटेल ते साऱ्या वस्तीला पटेल, हे सिद्धेश्वरला अनुभवाने माहीत होतं.

"डागदराला शिकायला धा वर्सं लागत्यात शेट," म्हाळू म्हणाला. "त्या डब्याला कसं कळतंय?"

"तुला तुज्या कळपातलं आजारी मेंढरू कसं कळतं बे?"

"बगून."

"मंग त्यानं बी बगितल्यात. लाखो छात्या. ही निरोगी, ही रोगी, परत ही निरोगी. बगून बगून शिकलंय ते. माज्या तळहातावर तूरडाळ ठेव, कुठल्या शिवारातली ते मी सांगतो. मी कुठं पुस्तक वाचायला गेलतो?"

म्हाळूला हे पटलं. आपल्याला पटलं याचाच त्याला राग आला आणि त्याने अर्धा किलो साखर उगीचच जास्त घेतली. सिद्धेश्वर सगळ्यांना सांगत सुटला की मशीनला भीड नाही, नातं नाही, समोर सरपंच उभा आहे की म्हाळू याने त्याला फरक पडत नाही. मशीन खोटं बोलत नाही हे वाक्य तर त्याने इतक्यांदा म्हटलं की गिऱ्हाइकं त्याच्या आधी म्हणू लागली.

बसम्माने फक्त एक अट घातली. ती म्हणाली, "आधी तुमी उभे ऱ्हावा. तुमचा फोटू मी माज्या डोळ्यानं बगते. मंग मी उभी ऱ्हाते." सिद्धेश्वरने लगेच कबूल केलं. त्याला काय, तो ठणठणीत होता.

गाडीवाल्यांनी आधीच सांगितलं होतं की अंगावर धातू चालणार नाही. सिद्धेश्वर नियमाचा पक्का. घड्याळ, अंगठी, किल्ल्यांचा जुडगा हे तर त्याने काढलंच, पण लिंगाच्या डबीचाही विचार केला. त्यांच्या लिंगायतांत लहानपणी गळ्यात लिंग बांधतात ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि पूजा झाली की ते पुन्हा डबीत ठेवून डबी शिवदोऱ्याने छातीवर बांधायची. आता डबी होती चांदीची. म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने आवळ्याएवढं ते काळं गुळगुळीत लिंग डबीतून काढलं, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलं, दोऱ्यात बांधून गळ्यात घातलं आणि रिकामी डबी बसम्माकडे दिली. नियम म्हंजे नियम, असंही वर तिला ऐकवलं.

गाडीत विजयसिंह नावाचा खानदेशातला तरुण होता. पोरगा हुशार आणि नम्र होता, पण या भागात तो पहिल्यांदाच आला होता. त्याने सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न सिद्धेश्वरलाही विचारला, की काका, छातीवर साखळी, ताईत, बिल्ला असं काही आहे का? सिद्धेश्वरने छातीठोकपणे सांगितलं, काही नाही. तो खोटं बोलला नाही. साखळी हा दागिना आणि ताईत म्हणजे विकत मिळणारी वस्तू. नाव ठेवलं त्याच्याही आधीपासून जे अंगावर आहे त्याला तो अंगच समजत होता. तुमच्या अंगावर नाक आहे का, असं विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही.

तो बनियनवर फळीला छाती लावून उभा राहिला, सांगितला त्यापेक्षा मोठा श्वास घेतला आणि खांदे सांगितले त्यापेक्षा पुढे ढकलले. पडद्यावर चित्र आलं. उजव्या फुफ्फुसावर कॉम्प्युटरने एक गोल जागा तांबडीलाल रंगवली आणि खाली आकडा दाखवला. शंभरपैकी सत्त्याण्णव.

सिद्धेश्वरने वळून दाराशी उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिलं. शाळेत तो कधी पस्तिसाच्या वर गेला नव्हता, आणि ही गोष्ट त्या रांगेतल्या निम्म्या लोकांना माहीत होती. "बगितलं का म्हाळू?" तो म्हणाला. विजयसिंहने त्याला हळूच बाजूला घेतलं आणि इथे जास्त मार्क म्हणजे जास्त धोका, हे समजावून सांगितलं.

बसम्मा पदराला हात पुसत आली. तिने चित्राकडे बराच वेळ पाहिलं, मग नवऱ्याच्या बनियनकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे. "बरं," एवढंच म्हणाली. विजयसिंहने तिला फळीपाशी बोलावलं तर ती म्हणाली की आता ह्यांचं आधी निस्तरू द्या, आणि खोकत खोकत शेडमध्ये निघून गेली. ज्या एका माणसासाठी एवढी गाडी आणली तो माणूस न तपासताच परत गेला होता, आणि त्याला कारण सिद्धेश्वरचीच छाती होती.

गाव मात्र गाडीवर तुटून पडलं. शेटसारख्या धडधाकट गड्याच्या छातीत गाठ निघते तर आपल्या छातीत काय काय असेल, असं म्हणून ज्यांनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं तेही आले. दुकानासमोर एवढी मोठी रांग, आणि दुकानात चिटपाखरू नाही. कुणाला साखर लागलीच तर तो तोंड फिरवून हात लांब करायचा. म्हाळू चहापत्ती घ्यायला आला तेव्हा दुकानाच्या पूर्वेला जाऊन उभा राहिला. सिद्धेश्वरने विचारलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आजारी मेंढरापासनं कधी बी वाऱ्याच्या वरच्या अंगाला ऱ्हावं.

सिद्धेश्वरला वाईट वाटलं, पण मशीन चुकलं असं म्हणायला त्याची जीभ वळेना. त्या दिवशी गावातल्या आणखी दोघांच्या छातीत मशीनला काहीतरी सापडलं होतं, आणि ते दोघे निव्वळ त्याच्या शब्दावर औषधं घ्यायला तयार झाले होते. आपलं खोटं म्हटलं तर त्यांचंही खोटं ठरणार होतं.

गर्दीमुळे गाडी मुक्कामी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी बीडहून डॉक्टर स्वप्ना आल्या. त्यांनी सिद्धेश्वरला ठोकून पाहिलं, नळी लावून ऐकलं. वजन घटलं नव्हतं, ताप नव्हता, आणि थुंकीचा रिपोर्टही चांगला येणार असं त्यांना दिसत होतं. एवढी मोठी गाठ घेऊन माणूस इतका खूश कसा, हेच त्यांना कळेना. त्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगितला. नेमकं त्याच सकाळी बसम्माने लिंगाचं वस्त्र मळलंय म्हणून बदललं होतं आणि नवा दोरा घालून ते पुन्हा त्याच्या गळ्यात बांधलं होतं. मशीन खरं असो की खोटं, देवाचं वस्त्र स्वच्छ असावं, यात सिद्धेश्वरला काही वावगं वाटलं नव्हतं.

फोटो आला. काल उजवीकडे असलेली गाठ आज मधोमध, गळ्याच्या खाली येऊन बसली होती. आकडा एकाने वाढला होता. विजयसिंहने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि खुर्चीत मागे रेलला. डॉक्टर स्वप्नांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या शिक्षणात गाठी वाढायच्या, कमी व्हायच्या, क्वचित विरघळायच्या, पण एका रात्रीत वर चढायच्या नाहीत. त्यांनी सिद्धेश्वरला दोन दिवसांनी बीडला मोठ्या तपासणीला यायला सांगितलं. विजयसिंहने दोन्ही फोटो कंपनीला पाठवले, आणि कंपनीतून तासाभरात फोन आला की असं प्रकरण आमच्या पाहण्यात नाही, आणखी फोटो पाठवा.

फिरत्या गाठीची बातमी दुपारपर्यंत दिंद्रुडला पोचली आणि संध्याकाळी बसम्माचा भाऊ महांतेश मोटारसायकलवरून हजर झाला. "शरणार्थ दाजी," असा नमस्कार घालून तो आधी लांब बसला, मग आपण पाहुणे आहोत हे आठवून जवळ सरकला. त्याच्या मते गाठ वर चढते आहे ती गळ्यातून डोक्यात जाणार, तेव्हा तेल लावून ती खाली उतरवली पाहिजे. शेजारच्या रतनबाईचं मत अगदी उलट होतं. गाठ आपण होऊन बाहेर यायला निघाली आहे, तिला वर ढकललं तर एका उलटीत काम होईल. दोघांचंही मन मोडू नये म्हणून सिद्धेश्वरने सकाळी खाली आणि संध्याकाळी वर असं चोळून घेतलं. रतनबाईने त्याच्यासाठी नारायणगडाला नवसही बोलून टाकला. अनवाणी चालायचं होतं ते अर्थात सिद्धेश्वरने.

आता त्याला स्वतःलाही खोकला यायला लागला होता. कमरेची तंबाखूची चंची त्याने एका दुपारी काढली आणि चुलीत घातली. ज्या चंचीसाठी बसम्मा लग्न झाल्यापासून भांडत होती ती अशी मुकाट्याने जळाली. मग त्याने बसम्माला समोर बसवून निरवानिरव सुरू केली. गूळ कुणाकडून घ्यायचा, कुणाच्या डाळीला कीड असते, कोणत्या पोत्याला उंदीर लागतो हे सगळं त्याने तिला सांगितलं. बसम्मा नुसती हूं हूं करत होती. ती रडली नाही याचं त्याला थोडं आश्चर्य वाटलं आणि थोडा रागही आला. मधूनच ती पदर तोंडाला लावून वाकून खोकली, तेव्हा मात्र तो स्वतःचं मरण विसरला.

बीडला जायच्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून पूजेला बसला. समोरच्या खिडकीच्या गजात बसम्माने विजयसिंहने छापून दिलेला एक्स-रेचा फोटो अडकवून ठेवला होता, बरोबर न्यायचा राहू नये म्हणून. सिद्धेश्वरने वस्त्र सोडलं, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि हात डोळ्यांसमोर धरला. हाताच्या मागे खिडकी होती आणि खिडकीच्या उजेडात तो फोटो. लिंग गाठीवर बरोबर बसलं. त्याने हात थोडा बाजूला केला, पुन्हा समोर आणला. तेवढाच गोल, तेवढाच आकार, खालची सपाट कडसुद्धा तीच.

आधी तो हसला. पोट धरून, आवाज न करता. लाखो छात्या पाहिलेल्या मशीनला देव दिसला होता आणि त्याने त्याला रोग म्हटलं होतं. मग त्याने कपाळ टेकून देवाची माफी मागितली. बसम्माला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आत ती खोकली. बराच वेळ खोकली. त्याने तोंड मिटलं.

आत्ता सांगितलं तर ती काय म्हणेल ते त्याला ऐकल्यासारखं कळत होतं. देव न वळखनाऱ्या डब्यापुढं मी कावून उभी ऱ्हाऊ? आणि पुन्हा कांडपाचं बटण. गाठ असलेल्या नवऱ्याबरोबर ती बीडला यायला तयार होती, गाठ नसलेल्या नवऱ्याबरोबर ती दारापर्यंतही आली नसती. या बाईवाचून आपण दुकानाची एक फळीही उघडणार नाही, हे त्याला त्या पाटावर बसल्या बसल्या अगदी स्वच्छ कळलं. त्याने लिंग वस्त्रात बांधून गळ्यात घातलं आणि जीपमध्ये बसेपर्यंत दोनदा मुद्दाम कण्हला.

बीडला डॉक्टर स्वप्नांच्या दवाखान्यात तसाच कॉम्प्युटर होता. आधी पुन्हा एकदा साधा फोटो काढू, मग पुढचं पाहू, असं त्यांनी सांगितलं. सिद्धेश्वर एक्स-रेच्या खोलीच्या दारात थांबला आणि त्याने चौकट धरली. बाहेर बाकावर जीपमधून बरोबर आलेली नेकनूरची चार माणसं बसलेली होती, पण आता मागे फिरायचं नव्हतं.

"मला भ्या वाटतंय," तो म्हणाला. "मी न्हाई उभा ऱ्हानार. आधी तू उभी ऱ्हा, मंग मी."

बाकावरची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. बसम्माने नवऱ्याचा चौकटीवरचा हात पाहिला. तिने तो सोडवून पाहिला, पण तो सुटेना, आणि हे नाटकात ठरलेलं नव्हतं. "बरं, आधी मी," ती म्हणाली. आत जायच्या आधी केस सुटलेत म्हणून ती घटकाभर पडद्यामागे गेली.

बाहेर सिद्धेश्वरने मनातल्या मनात बोलायची तयारी केली. बसम्माच्या गळ्यातही लिंग होतंच. म्हणजे तिच्याही फोटोत गाठ येणार. डॉक्टर घाबरतील, मग आपण शांतपणे उठायचं, दोन्ही गाठींचा उलगडा करायचा, आणि खाली जो खरा फोटो असेल तो नीट पाहायला लावायचा. कंपनीवाल्यांनाही दोन गोष्टी सांगता येतील असं त्याला वाटलं. त्याने बनियन सारखं केलं.

फोटो आला. त्यात गाठ नव्हती. कॉम्प्युटरने दुसरीच जागा रंगवली होती, डाव्या बाजूला अगदी वर, हाडाच्या आड, एक लहानसा पिवळट डाग. आकडा सिद्धेश्वरपेक्षा बराच कमी होता, पण डॉक्टर स्वप्ना या वेळी चष्मा पुसत बसल्या नाहीत. त्या पुढे झुकल्या आणि म्हणाल्या की हा डाग खरा वाटतो. थुंकी आजच तपासू. क्षयाची सुरुवात दिसते, सहा महिने औषध नेमाने घेतलं की पूर्ण बरं होतं. ताईंना आणखी वर्षभर आणलं नसतं तर मात्र अवघड झालं असतं.

सिद्धेश्वर स्टुलावर बसला. तयार केलेलं भाषण त्याला आठवेना. त्याने फोटोवर बोट ठेवून बायकोला विचारलं, "तुजं लिंग कुठं हाय?"

बसम्माने पदर मागे घेतला. तिचा अंबाडा रोजच्यापेक्षा मोठा दिसत होता, आणि त्यातून पांढऱ्या वस्त्राचं टोक डोकावत होतं. "स्वामी सांगत्यात, नाभीच्या वर कुठं बी बांदावं," ती म्हणाली. "डोक्यावर तर लई चांगलं."

"म्हंजे तुला म्हाईत हुतं?"

"पयल्याच दिशी. डबी माज्याकडं दिलती की तुमी. दुसऱ्या दिशी दोरा मीच आखूड केला. म्हनलं बगावं. चढली का न्हाई गाठ?"

डॉक्टर स्वप्ना काहीतरी लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं.

"मंग बोलली कावून न्हाईस?" सिद्धेश्वरने विचारलं. "मी मरायला टेकलो हुतो."

"सांगनारच हुते. पन तंबाखू सुटली. म्हनलं, आनखी दोन दिस ऱ्हाऊ द्यावी गाठ."

"आन मशीन चुकतंय म्हाईत असून त्याच्यापुढं उभी ऱ्हायलीस?"

"तुमी भ्यालता म्हनून," बसम्मा म्हणाली. "तुमाला कवा भ्यालेलं बगितलं न्हाई मी."

सिद्धेश्वरने मग सकाळची खिडकीपाशी झालेली गोष्ट सांगितली. कण्हणं खोटं होतं, चौकट धरली तीही तिला उभी करायला. सांगता सांगता तो थांबला. "पन भ्यालो हुतो ते खरं हाय," तो म्हणाला. "दिवाळीपासनं भ्यालोय. माज्यासाटी न्हाई." बसम्माने हात पुढे करून त्याच्या बनियनमधून बाहेर आलेलं वस्त्राचं टोक आत सारलं.

मग सिद्धेश्वरने उपरण्याचा फेटा बांधला, त्यात लिंग नीट ठेवलं आणि फळीपुढे उभा राहिला. छाती स्वच्छ निघाली. डॉक्टर स्वप्नांनी विजयसिंहला फोन लावून फिरत्या गाठीचा पत्ता सांगितला. तो बिचारा कळवळला, कारण कंपनीतले लोक या गाठीवर लेख लिहायला बसले होते. पलीकडून तो मशीनला नावं ठेवायला लागला तेव्हा सिद्धेश्वरने फोन मागून घेतला. त्याची चूक न्हाई, तो म्हणाला. त्यानं लाखो छात्या बगितल्या असतील, पन आमच्या पेठेतली एक बी बगितली नसंल. मला बी कोकनातला तांदूळ वळखता येत न्हाई. आता त्याला आमच्याकडच्या चार छात्या दाखवा, शिकंल.

गावात त्याने दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळं खरं सांगितलं. लोक दोन दिवस हसले. म्हाळूने लगेच विचारलं की मग त्या दोघांच्या औषधांचं काय. त्यांचं खरं, सिद्धेश्वर म्हणाला, बसम्माचं बी खरं. खोटं निघालं ते माजंच, आन ते बी मशीन बोललं न्हाई, काही न्हाई म्हनून मीच बोललो. म्हाळूला हेही पटलं, आणि त्याने पुन्हा उगीचच जास्त साखर घेतली. नवस तेवढा रतनबाईने सोडला नाही. गाठ नव्हती तरी गेली ना, असं तिचं म्हणणं पडलं, आणि सिद्धेश्वर नारायणगडाला अनवाणी जाऊन आला.

बसम्माच्या थुंकीत डॉक्टरांना वाटलेला क्षयच निघाला. कांडप बंद झालं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. रोज सकाळी पूजा आटोपली की सिद्धेश्वर गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर बसायचा, आणि ती गिळेपर्यंत उठायचा नाही. पहिले दोन महिने ती चिडायची. नंतर बांगड्या पुन्हा मनगटावर थांबायला लागल्या तेव्हा ती म्हणाली की आता तरी तुमी उठा, दुकानात गिऱ्हाईक थांबलंय.

औषध संपलं त्या सुमारास गाडी पुन्हा आली. विजयसिंहने आता पेठेच्या तोंडाशीच माणसं थांबवून विचारायला सुरुवात केली होती, साखळी, ताईत, लिंग? बसम्मा अंबाडा बांधून आली आणि कुणी न सांगता फळीपुढे उभी राहिली. सिद्धेश्वर पडद्यापुढे श्वास धरून उभा होता. श्वास तिने धरायचा होता, पण त्यानेही धरला. फोटो स्वच्छ आला. शंभरपैकी चार.

तो तडक दुकानात गेला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन रांगेत वाटत सुटला. चार मिळाले, चार मिळाले, असं तो प्रत्येकाला सांगत होता.

"शंभरात चार मार्काला पेढे वाटनारा मानूस मी पयल्यांदाच बगितला," म्हाळू म्हणाला.

बसम्मा मागे शेडमध्ये गेली आणि तिने कितीतरी दिवसांनी कांडपाचं बटण दाबलं. खडखडाट सुरू झाला, मिरचीचा ठसका दुकानभर पसरला आणि सगळी रांग शिंकायला लागली. म्हाळू डोळे पुसत पेढा खात होता. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सिद्धेश्वरच्या अगदी शेजारी उभा होता.